हरेल त्याच्याकडे बाबा

"बाबांची परवानगी आली," चिक-मान म्हणाला आणि चहाघराच्या टेबलावर आलेल्या बांबूच्या टोपलीवरचं झाकण त्याने अशा थाटात उचललं, की परवानगी त्या टोपलीतच वाफेवर शिजून आली असावी.

टोपलीत कोंबडीचे पाय होते.

"कसली परवानगी?" वाई-सामने विचारलं.

"हाँगकाँगला कायमचं राहायची. किती खेटे घातले, दादा, तुला कल्पना नाही. नववर्षाचा वसंतसण झाला की घेऊन जातो त्यांना."

वाई-सामच्या बायकोने, सुक-हिंगने, आधी सासऱ्यांकडे पाहिलं. ऐंशीला टेकलेले पाक-हेई कोंबडीच्या पायाची बारीक हाडं तोंडातल्या तोंडात सोडवत बसले होते. मग तिने धाकट्या जावेकडे पाहिलं. योक-फानचा चहाचा पेला ओठांपाशी येऊन थांबला होता. म्हणजे हिलाही आत्ताच कळतंय, सुक-हिंगच्या लक्षात आलं, आणि तिला एकदम बरं वाटलं. बायकोला न सांगता परस्पर ठरवून टाकायची खोड फक्त आपल्याच घरात नाही तर.

खरं म्हणजे तो दिवस फुटबॉलचा. इथला प्रांत आणि हाँगकाँग यांच्यातल्या वार्षिक चषकाचा परतीचा सामना दुपारी ग्वांगझोत, युएशिऊ टेकडीच्या मैदानावर होता. गेल्या आठवड्यात हाँगकाँगमध्ये प्रांत एका गोलने हरला होता आणि सकाळच्या गाडीतून उतरल्यापासून चिक-मानची ही गोष्ट हमालासकट सगळ्यांना सांगून झाली होती. तरुणपणी हा ह्याच शहरातून अंगावरच्या कपड्यांनिशी हाँगकाँगला पळून गेला. आता तिथे त्याचं नळ-तोट्यांचं दुकान होतं. थोरला वाई-साम इथेच राहिला, जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात. वर्षातून एकदा सामन्याच्या निमित्ताने क्वोंग घराण्याचे हे दोन दिवे एका टेबलाशी बसायचे आणि बाराही महिन्यांचं भांडण एका दिवसात उरकून टाकायचे.

यंदा भांडणाला कारणही तसंच होतं. दोघांच्या मधली पुई-लान, वय सत्तेचाळीस, झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानात पुड्या बांधणारी, आई गेल्यापासून बाबांना एकटीने सांभाळणारी, लग्न करत होती. तेही हवामान खात्यातल्या श्वे देशान नावाच्या एका विधुराशी. हार्बिनचा होता तो. उत्तरेकडचा. 'उत्तरेकडचा' हा शब्द वाई-साम असा उच्चारायचा, की ऐकणाऱ्याला स्वेटर घालावासा वाटे.

"बाबा कुठे जाणार नाहीत," वाई-साम म्हणाला. "थोरला मी आहे. पुई-लान नाही तर मी. यात हाँगकाँग आलं कुठून?"

"तुझ्या घरात बाबा झोपणार कुठे? कपाटात?"

"आणि तुझ्या घरात? तुझी मुलं एकावर एक झोपतात. बाबांना काय तिसऱ्या मजल्यावर चढवणार?"

"आमच्याकडे लिफ्ट आहे."

"पलंगाला?"

पुई-लान खाली मान घालून सगळ्यांचे पेले भरत होती. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, असा चेहरा करण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

पाक-हेईंनी हाडं बशीत ठेवली आणि तोंड पुसलं. तरुणपणी ते प्रांताच्या संघात डावीकडून खेळायचे. उजव्या पायाला चेंडू कधी लावलाच नाही, असं त्यांच्याबरोबरचे म्हातारे अजून सांगायचे.

"आज कोण जिंकणार?" त्यांनी विचारलं.

"प्रांत!" "हाँगकाँग!"

"बरं. मग वाद कशाला? जो हरेल, त्याच्याकडे मी जाईन."

दोघं भाऊ गोंधळले. "म्हणजे... जिंकेल त्याच्याकडे ना, बाबा?" चिक-मान म्हणाला.

"जिंकणाऱ्याला चषक आहे. हरणाऱ्याने काय घ्यायचं घरी?"

"बाबा, हे काहीतरीच," पुई-लान पहिल्यांदाच बोलली.

"तू चहा ओत. दोघांनाही मी हवाय ना? मग हरायला कशाला भ्यायचं?"

वाई-सामने होकाराची मान हलवली, चिक-माननेही हलवली, आणि दोघांच्या बायकांनी एकाच वेळी पेले खाली ठेवले.

---

टेकडीकडे चालत जाताना योक-फान मुद्दाम मागे रेंगाळली. सुक-हिंगही रेंगाळली. वर्षानुवर्षं या दोघींचं बोलणं "किती बारीक झालीस" आणि "छे, तूच" याच्यापुढे गेलेलं नव्हतं.

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं हो," योक-फान म्हणाली. "आमचं घर म्हणजे... दार उघडलं की समोरची भिंत नाकाला लागते. बाबा आले तर मी स्वयंपाक जिन्यात करू का?"

"आणि आमच्याकडे? मुलगा, सून, नातू. मी स्वतः शिवणाच्या मशीनला पाय लावून झोपते." सुक-हिंगने आवाज उतरवला. "मी काय म्हणते, पुई-लानने लग्न थोडं पुढं ढकललं तर?"

"किती पुढं?"

उत्तर दोघींना कळलं होतं आणि ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

"इतकी वर्षं थांबली," योक-फान रस्त्याकडे बघत म्हणाली. "त्या माणसाला काय घाई आहे म्हणा. हवामानवाला आहे. वाट बघणं हाच त्यांचा धंदा."

दोघी हसल्या. हसता हसता सुक-हिंगने सहज मागे वळून पाहिलं. पुई-लान फार मागे नव्हती. शेंगदाण्यांची पुडी छातीशी धरून ती नेहमीच्या चेहऱ्याने चालत होती, आणि तिने ऐकलं की नाही ते त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

फाटकाशी श्वे देशान उभा होता. उंच, वाकलेला, आणि स्वच्छ उन्हात हातात छत्र्यांची मोळी. त्याने पाक-हेईंना वाकून नमस्कार केला आणि कँटोनीजमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. म्हणजे करायला गेला. सूर चुकला आणि निघालं भलतंच. चिक-मान बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"काय म्हणाला तो?" पाक-हेईंनी लेकीला विचारलं.

"तुम्ही कसे आहात म्हणाले."

"मला तर वाटलं माझ्या शेपटीची चौकशी करतोय." ते श्वेकडे वळले. "शेपूट बरी आहे. या."

"श्वेसाहेब, छत्र्या कशाला?" वाई-साम म्हणाला.

"मध्यंतरानंतर पावसाची सर येईल."

वाई-सामने निळ्याशार आभाळाकडे पाहिलं. "कुठल्या गाडीने येतेय? हार्बिनहून निघाली का?"

श्वे मनापासून हसला. टोमणा त्याला कळला होता, हे पाहून वाई-सामची थोडी निराशा झाली.

---

मैदान खच्चून भरलं होतं. पाक-हेई दोन मुलांच्या मधे बसले, जावा त्यांच्या मागच्या ओळीत, आणि कडेला पुई-लान आणि छत्र्यांसह श्वे.

सुक-हिंगला फुटबॉलमधलं काही कळत नसे. दरवर्षी ती विणकाम घेऊन यायची. पण आज तिने हिशेब केला होता: प्रांत जिंकला तर चिक-मान हरला, आणि चिक-मान हरला तर सासरे हाँगकाँगला. विणकाम पिशवीतच राहिलं.

"मार! अरे मार ना, मेल्या! उभा काय राहिलायस चेंडू कवटाळून!"

पाक-हेई मागे वळले. "सूनबाई, तो आपला गोलकीपर आहे."

तिच्या शेजारी योक-फान हाँगकाँगच्या नावाने अशी किंचाळत होती, की पुढच्या चार ओळी वळून बघू लागल्या. यजमानांच्या गर्दीत एकटी बाई परक्यांसाठी घसा फोडते आहे, याचं कौतुक वाटून एका म्हाताऱ्याने तिला संत्रं दिलं.

आणि भाऊ मात्र गप्प. वाई-साम प्रत्येक चढाईला अर्धवट उठायचा, मग काहीतरी आठवल्यासारखा खाली बसायचा. चिक-मानचंही तेच. पाक-हेई मधे बसून एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे.

"सामना मैदानात चाललाय ना?" ते शेवटी म्हणाले. "मला इकडचाच जास्त दिसतोय."

मध्यंतराला गोल एकही नव्हता. पुरुष पाय मोकळे करायला गेले आणि पुई-लान मागच्या ओळीत येऊन सुक-हिंगच्या शेजारी बसली. योक-फान घशासाठी गरम पाणी शोधायला गेली होती.

"वहिनी, मघाशी मी ऐकलं."

सुक-हिंगने शेंगदाणा सोलला आणि साल तोंडात टाकली.

"लग्न पुढं ढकलणार नाही मी," पुई-लान म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पुडीवर औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसा होता. "आणि आणखी एक सांगते. देशाननी बाबांना आमच्याकडे राहा म्हणून केव्हाच विचारलं असतं. त्यांच्या घरी खोली आहे. मी नको म्हटलं."

"तू?"

"मी. आईच्या आजारपणापासून मी दुसऱ्याच्या खोकल्याने उठते, वहिनी. मला बाबा नकोसे नाहीत. पण एकदा तरी रात्री दार लावून घ्यावं, बाहेर दोनच जोडे असावेत, आणि पहाटे कोणी खोकू नये. एवढंच. हे मी बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? दादाला सांगितलं तर तो जन्मभर ऐकवेल." ती थांबली. "तुम्हाला का सांगितलं, तेही कळत नाहीये."

सुक-हिंगला बोलायचं होतं. शिवणाच्या मशीनबद्दल, नातवाबद्दल. पण तिला आठवलं, की सासूबाईंच्या शेवटच्या हिवाळ्यात ती दर रविवारी फळं घेऊन जायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायची. तिने सोललेले शेंगदाणे नणंदेच्या ओंजळीत ओतले.

"खा," ती म्हणाली.

पाऊस काही आला नाही. दुसऱ्या अर्ध्यात उजवीकडून एक लांब चेंडू आला, प्रांताच्या कुणीतरी डोकं लावलं, आणि सगळं मैदान उभं राहिलं. सुक-हिंगने सवयीने पलीकडच्या अनोळखी बाईला मिठी मारली. मग तिचं लक्ष खाली गेलं. त्या एवढ्या गदारोळात वाई-साम एकटा बसलेला होता. ज्या माणसाने गेल्या आठवड्यात टीव्हीला चप्पल फेकून मारली होती, तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी परका असल्यासारखा बसला होता.

"काय रे, पोटात दुखतंय का?" पाक-हेईंनी विचारलं.

"नाही, बाबा. बघतोय."

दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली. जादा वेळातही काही घडलं नाही. पंचाने पेनल्टीसाठी चेंडू ठेवायला सांगितलं.

---

चिक-मानला आठवत होतं, पळून गेल्यावर पहिल्यांदा घरी परत आला तेव्हा आईने त्याचे कान चाचपून पाहिले होते, तोच आहे ना म्हणून. ती गेली तेव्हा तो वेळेवर पोहोचला नाही. खोली धुऊन-पुसून झाली होती, चपला कुणाला तरी देऊन झाल्या होत्या. तेव्हापासून तो दरवर्षी सामन्याला यायचा, आणि फुटबॉलसाठी येतो असं सांगायचा.

प्रांताची शेवटची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली. आता हाँगकाँगच्या मुलाने गोल केला की चषक त्यांचा. लहानखुरा मुलगा होता, ठेवलेला चेंडू त्याने पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. मागून योक-फानच्या घशातून नुसती फुंकर निघत होती. आवाज केव्हाच गेला होता.

वर मार, चिक-मान मनात म्हणाला. बाळा, वरून मार. एवढा वर, की टेकडीपलीकडे गेला पाहिजे.

मुलाने सरळ, खाली, कोपऱ्यात मारला.

हाँगकाँगहून आलेले मूठभर लोक एकमेकांच्या अंगावर पडले. बाकी मैदान असं शांत झालं की झेंड्यांचं फडफडणं ऐकू आलं. चिक-मान हसायचा प्रयत्न करत होता.

"जिंकलास, मान," पाक-हेई म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "जिंकलो."

वाई-साम उठला नाही. त्याचे डोळे भरले होते, पण तोंडाचे कोपरे ऐकत नव्हते. ते वरच जात होते. त्याने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चला, बाबा," तो म्हणाला. "सामान फार नाही ना तुमचं?" चिक-मानने तोंड फिरवलं, आणि सुक-हिंग मागच्या ओळीतून नवऱ्याच्या त्या भिजलेल्या, हसऱ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस हरल्यावर खूश झालेला तिने पाहिला नव्हता.

---

जेवण जवळच्याच खाणावळीत झालं. उकडलेली कोंबडी आली, आल्याचा ठेचा आला, आणि दोन घास पोटात गेल्यावर वाई-साममधला थोरला भाऊ जागा झाला.

"आनंदच आहे मला," तो म्हणाला. "पण एक विचारतो. श्वेसाहेबांच्या घरी तर मोकळी खोली आहे म्हणे. पुई-लान, तूच बाबांना का नाही—"

पुई-लानच्या जेवणाच्या काड्या बशीवर थांबल्या. श्वेने तिच्याकडे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"अहो," सुक-हिंग म्हणाली, "सामना हरलं कोण?"

"हरलो आपण, पण—"

"पण काय? हाँगकाँगवाल्यांसमोर शब्द फिरवणार? उद्या हा मान तिकडे जाऊन गावभर सांगेल, प्रांतवाले हरतातही आणि पळतातही." तिने कोंबडीची मांडी उचलून सासऱ्यांच्या भांड्यात ठेवली. "बाबा, मशीन मी बाहेरच्या खोलीत काढते. खिडकीशी पलंग लावू की भिंतीशी?"

"खिडकीशी," पाक-हेई म्हणाले. "मला रात्री खोकला येतो."

"माहीत आहे. आम्ही सगळे घोरतो. तुम्हालाच त्रास होईल."

योक-फान आवाज नसलेल्या घशाने हसली आणि थोरल्या जावेच्या पेल्यात चहा ओतू लागली. सुक-हिंगने आभार म्हणून दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं आणि पेला दोन्ही हातांनी घेतला.

"आणि मी?" चिक-मान म्हणाला. "एवढे खेटे घातले मी. ती परवानगी काय लोणचं घालायला?"

"तुमच्या तिकडच्या सामन्याला येईन की," पाक-हेई म्हणाले. "दरवर्षी. महिनाभर राहीन. योक-फान, चालेल ना?"

योक-फानने मान हलवली. महिनाभर तिला जिन्यातही स्वयंपाक करता आला असता.

नंतर जावा आणि भाऊ गाडीच्या वेळेबद्दल वाद घालत स्टेशनकडे गेले. श्वे त्यांच्याबरोबर सामान उचलायला गेला. पुई-लान बाबांना घेऊन नदीकाठच्या रस्त्याने घरी निघाली. दिवे नुकतेच लागत होते.

"बाबा," ती म्हणाली, "ती पैज तुम्ही का लावलीत?"

"माणसाने मुलांची तोंडं बघावीत अधूनमधून."

"तेवढंच?"

पाक-हेई एका झाडापाशी दम घ्यायला थांबले. "तुझा सकाळचा चेहरा मी रोज बघतो, पुई-लान. पुड्या बांधून झाल्यावर दोरा ओढून तोडतेस ना, त्या दोऱ्यासारखा ताणलेला असतो तो. मी म्हातारा आहे, आंधळा नाही."

तिला एकदम रडू आलं. तिने त्यांचा कोपर घट्ट धरला आणि नदीकडे तोंड केलं. तेही नदीकडे बघत उभे राहिले.

"त्या तुझ्या हवामानवाल्याच्या घराला घंटा आहे का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नाही. दार वाजवावं लागतं."

"छान. लेकीच्या घरी दार वाजवून जायची माझी हौस राहिली आहे. संत्री घेऊन येईन. तू चहा करायचास. तो काहीतरी बोलेल, मला कळणार नाही, मी मान हलवीन. मग मी उठेन आणि म्हणेन, निघतो आता."

"आणि मी म्हणेन, बसा ना थोडा वेळ."

"म्हण," पाक-हेई म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. "पण फार आग्रह करू नकोस. सूनबाई जेवायची थांबलेली असेल."